वरचा एक युरो

विशाखा उपासनी कॅसिनोत नोकरी करते हे फोरबर्गच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल आपलं काहीच म्हणणं नाही, असं प्रत्येक जण तिला आपणहून सांगूनही गेला होता.

ती मूळची नाशिकची. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं तिने एका सीएच्या कचेरीत व्हाउचरं तपासली आणि मग लग्न होऊन गौरवबरोबर नेदरलँड्सला, हेगशेजारच्या फोरबर्गला आली. गौरव सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या कागदपत्रांत तिची नोंद ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ अशी होती, आणि पहिली चार वर्षं ती त्या नोंदीला जागली. सायकल शिकली, डच शिकली, मेथी कुठे मिळते ते शोधून काढलं, संपदाचा जन्म झाला. पाचव्या वर्षी हेगच्या एका कॅसिनोची जाहिरात तिच्या वाचनात आली. अनुभवाची अट नव्हती. तोंडी हिशेब पक्का हवा होता.

मुलाखतीत तिला सतराचा पाढा विचारला. दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर लावलेलं नाणं जिंकलं की सतरापट द्यावे लागतात, म्हणून त्या धंद्यात सतराला मान आहे. बरोबरचे डच उमेदवार सतरा गुणिले दहा, त्याचं निम्मं, अशा लांबच्या रस्त्याने निघाले होते. विशाखा मनात ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ म्हणून मोकळी झाली. लहानपणी ह्याच पाढ्यासाठी तिने छडी खाल्ली होती. तिची भरपाई अशी परदेशात झाली.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी तिला त्या धंद्याचं सगळं मर्म सांगून टाकलं, आणि ते पाच मिनिटांत संपलं. रूलेटच्या चाकावर सदतीस घरं असतात, एक ते छत्तीस आणि एक शून्य. एका आकड्यावर एक युरो लावून तो आकडा आला, तर तुमचा युरो धरून हातात छत्तीस पडतात. म्हणजे सदतीस वेळा लावलं तर सरासरीने छत्तीस परत येतात. उरलेला एक कॅसिनोचा. त्या एका युरोवर इमारत, झुंबरं, गालिचे आणि विशाखाचा पगार. फसवण्याची गरजच नसते. उलट चाक जरा कललं, काही आकडे जास्त यायला लागले आणि ते एखाद्या चलाख गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं, तर कॅसिनोच बुडेल. म्हणून रोज दार उघडण्याआधी चाकाची पातळी तपासतात. प्रामाणिकपणाची एवढी काळजी घेणारी दुसरी जागा विशाखाने पाहिली नव्हती. सीएच्या कचेरीत तर नाहीच.

मंडळाच्या कार्यक्रमांत लोक तिला हळूच बाजूला घेत.

“आतली गोष्ट सांग ना. कुठला आकडा जास्त येतो?”

“सगळे सारखेच येतात.”

“ते झालंच गं. पण जास्त कुठला?”

विशाखा पुन्हा तेच सांगे. लोक समजल्यासारखं हसत आणि नोकरीच्या ठिकाणी तिला बोलायची बंदी असणार असं धरून चालत.

तिची कॅसिनोतली पाळी संध्याकाळी असे. शनिवार-रविवारी हमखास. त्यामुळे जगाची सुट्टी ती तिची कामाची वेळ. अपवाद एकच, शनिवारची सकाळ. त्या सकाळी दहा ते बारा, वस्तीच्या सभागृहातल्या लहान खोलीत, ती आणि तिची मैत्रीण मीनल मराठीचा वर्ग घेत. मीनल वाचायला शिकवी, विशाखा पाढे आणि गप्पा. ह्या गप्पाच तिच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. संपदा आता नऊ वर्षांची होती आणि घरी मराठी प्रश्नाला डच उत्तर देत असे. रागावून झालं, आर्जवं करून झाली, गौरवने तर एकदा आइस्क्रीमची लाच देऊन पाहिली. संपदाने आइस्क्रीम खाऊन डचमध्ये आभार मानले. पण त्या खोलीत, बाकीची मुलं बोलतात म्हणून, ती मराठी बोलायची. अडखळत, क्रियापदं भलत्या जागी टाकत, पण बोलायची. आठवड्यातले हे दोन तास गेले, तर लेक आपल्याशी आपल्या भाषेत कधी बोलेल की नाही, ह्याचा अंदाज विशाखाला बांधता येत होता. अंदाज बांधणं हा तिच्या रोजच्या सवयीतला भाग होता.

आणि ते दोन तास जाण्याची वेळ आली होती. खोलीचं भाडं वाढलं होतं. मंडळाच्या सभेत ठरलं की प्रत्येक उपक्रमाने आपला खर्च आपण काढावा. जूनच्या आनंदमेळ्यात मराठीच्या वर्गाने काहीतरी करून साडेचारशे युरो उभे करावेत, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग बंद.

“आपण पुरणपोळ्या करूया,” मीनल सभेत म्हणाली.

“पुरणपोळ्या गणेशोत्सव समितीकडे आहेत,” अध्यक्ष श्यामकांतकाका म्हणाले. श्यामकांतकाका रॉटरडॅमच्या एका जहाज कंपनीतून निवृत्त झालेले होते. मंडळाचा प्रत्येक चमचा कुठल्या कपाटात आहे हे त्यांना ठाऊक असे.

“मग वडापाव?”

“तो नाट्यविभागाने मागच्या वर्षीच घेतला.”

“मग विशाखा, तू तुझं ते चाक लाव ना!”

कोणीतरी खुर्ची सरकवली.

“चाक म्हणजे जुगार,” श्यामकांतकाका म्हणाले.

“जुगार कसला, काका? लकी ड्रॉ.”

“लकी ड्रॉ असेल तर ठीक आहे,” काका म्हणाले, आणि खेमेंतेला, म्हणजे नगरपालिकेला, रीतसर कळवायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

विशाखाने चाकाचा आराखडा केला. गौरवच्या जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्यावर प्लायवूडची तबकडी, कडेला खिळे आणि वर चामड्याची पट्टी. तबकडीवर सारख्या मापाची अकरा घरं. एक ते दहा हे आकडे, आणि अकरावं घर गणपतीचं. एका आकड्यावर युरो लावायचा. तो आकडा आला तर एका युरोला दहा हातात मिळतील. गणपती आला तर सगळे पैसे मंडळाच्या डब्यात. तिने सभेत सोपं करून सांगितलं: समजा, दर फेरीला दहाही आकड्यांवर एकेक युरो आहे. अकरा फेऱ्यांत एकशे दहा युरो जमतील. दहा फेऱ्यांत कोणीतरी जिंकेल, त्याला दहा द्यायचे, म्हणजे शंभर गेले. एक फेरी गणपतीची. दहा उरले. प्रत्यक्षात आकडे असे ओळीने येणार नाहीत, पण खूप फेऱ्या झाल्या की गोळाबेरीज ह्याच्याच आसपास येते.

“कॅसिनोपेक्षा आपण जास्त घेतोय,” ती म्हणाली. “पण वर्षातून एकच दिवस आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गौरवने तबकडी कापली. विशाखाने पाण्याची पातळी लावून स्टँड सरळ केलं आणि दोन दुपारी चाक नुसतं फिरवून पाहिलं. कुठल्याच घरावर त्याचा विशेष जीव नव्हता.

पुढच्या सभेला ती नव्हती. तिला कामावर जायचं होतं.

मेळ्याच्या दिवशी सकाळी ती चाक घेऊन सभागृहात आली, तेव्हा तिच्या टेबलामागे श्यामकांतकाकांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात रंगवलेला फलक लागलेला होता. ‘एका युरोला अकरा युरो!’ आणि त्याखाली, ‘श्रीगणेशाच्या घरी आल्यास सर्वांचे पैसे सादर परत.’

विशाखाने तो दोनदा वाचला.

“काका, हे काय?”

“सभेत एकमताने झालं.”

“आपलं दहा ठरलं होतं.”

“अगं, कोरं दहा कसं द्यायचं कोणाच्या हातात? शुभकार्याला आपण एकावन्न देतो, एकशे एक देतो. वरचा एक महत्त्वाचा. हातावर दहा टेकवले तर लोक काय म्हणतील?”

“आणि गणपतीचं घर?”

“तेही पाहिलं आम्ही. गणपती आला आणि सगळ्यांचे पैसे गेले! म्हणजे देवाच्या नावाने लोकांचा खिसा कापायचा? बरं दिसतं का ते?” काकांनी प्रवेशाजवळच्या टेबलावरच्या मूर्तीकडे हात केला. मूर्तीपुढे समई तेवत होती. “तो बसलाय समोर.”

विशाखाने हातातली पिशवी खाली ठेवली.

“काका, अकरा फेऱ्यांत एकशे दहा येणार. दहा जणांना अकरा दिले की एकशे दहा गेले. हाती काही नाही.”

“ना नफा ना तोटा. मंडळाच्या घटनेतच लिहिलंय ते.”

“आणि गणपतीच्या फेरीचे दहा परत केले, की दहा पदरचे. आधी आपण अकरा फेऱ्यांत दहा कमावत होतो. आता तेवढेच घालवणार. उलटं झालंय. लोक कॅसिनो झालेत आणि आपण गिऱ्हाईक.”

“विशाखा,” काका समजुतीने म्हणाले, “हे तुझं कॅसिनो नाही. ही आपली माणसं आहेत.”

“आपली माणसं आहेत म्हणून गणित बदलत नाही ना, काका. दुपारपर्यंत डबा रिकामा होईल. वर्ग बंद पडेल.”

“अशुभ बोलू नये,” काका म्हणाले आणि ग्रुपवर निरोप कधीच गेला असल्याचंही त्यांनी सांगितलं.

मेळा अकराला सुरू झाला. मीनल पैशांच्या डब्यापाशी बसली आणि विशाखा चाकापाशी उभी राहिली. सवयीने तिने बाह्या वर केल्या आणि हात टेबलावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले. पहिल्या फेरीला आठ आला.

आठवर कोणाचंच काही नव्हतं.

दुसऱ्या फेरीला चार. चारही मोकळा होता. तिसऱ्या फेरीला विशाखाने टेबलाकडे नीट पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. लोक एकवर लावत होते, पाचवर, सातवर, नऊवर. दोन, चार, सहा, आठ, दहा ह्या घरांत जेमतेम एखादं नाणं. सम आकड्यावर पैसे ठेवायला कोणाचा हात धजत नव्हता. आयुष्यभर पाकिटात वरचा एक घालून देणाऱ्या माणसांची ती बोटं होती. कॅसिनोत तिने वाढदिवसाच्या तारखेवर लावणारे पाहिले होते, घराच्या नंबरावर लावणारे पाहिले होते, पण अख्ख्या गर्दीने निम्मं टेबल मोकळं सोडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ह्याने गणितात फरक पडत नव्हता. एकवर लावा नाहीतर आठवर, दर युरोमागे मंडळ नऊ सेंट घालवणारच होतं, पण ते सावकाश आणि सरासरीने. तोवर झोके मात्र मोठे बसणार होते. लोकांचे विषम आकडे आले तर डबा धाडकन खाली, सम आले तर धाडकन वर.

सम येत राहिले. आठ, दोन, दहा, मध्ये एकदा तीन, पुन्हा आठ.

“दुपारपर्यंत रिकामा होणार होता ना?” श्यामकांतकाका डब्यात डोकावून म्हणाले. जेवणाची वेळ झाली होती. डब्यात मंडळाने सुरुवातीला घातलेले दोनशे सोडून वर दोनशे साठ होते.

“हे नशीब आहे, काका.”

“अकराचा गुण आहे,” काका म्हणाले आणि शेजारच्यांना सांगायला गेले.

टेबलाला चिकटून आल्मेरेहून आलेला हरिहर उभा होता. तो एका बँकेत आकडेवारीच्या खात्यात कामाला होता आणि आलेला प्रत्येक आकडा फोनवर टिपून ठेवत होता.

“आठ चारदा आलाय, वहिनी. आता आठ येणार नाही.”

“चाकाला काही आठवत नाही हो,” विशाखा म्हणाली. “त्याच्यासाठी प्रत्येक फेरी पहिलीच.”

“हो हो, ऑफिसमध्ये मी पण हेच सांगतो लोकांना,” हरिहर म्हणाला. “पण एक अजून एकदाही आलेला नाही. आता तो यायलाच हवा.” आणि त्याने एकवर पाच युरो ठेवले.

आठ आला.

“आश्चर्य आहे,” हरिहर म्हणाला आणि पुढच्या वेळी एकवर दहा ठेवले.

तीनच्या सुमाराला मीनलने डबा मोजला आणि विशाखाला खूण केली. सुरुवातीचे दोनशे सोडून साडेचारशे ओलांडले होते. विशाखाने चाक थांबवलं आणि काकांना बाजूला घेतलं.

“काका, बंद करूया. वर्गाचे पैसे जमले.”

“आत्ता? अगं, आत्ता कुठे रंग चढलाय. सहाशे होऊ देत. मुलांना नवी पुस्तकं घेऊ.”

“हे पैसे आपण कमावलेले नाहीत. चुकून आपल्या बाजूला आलेत. जितका वेळ खेळत राहू तितके ते परत जाणार.”

“सकाळपासून तू हेच म्हणतेयस. सकाळपासून डबा भरतोय.”

विशाखाला हे संभाषण पाठ होतं. फरक एवढाच की कॅसिनोत ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असे आणि तिला तोंड उघडायची परवानगी नसे. खिसे भरून बसलेला माणूस समोर दिसे, रिकामे करून उठताना दिसे, आणि मधल्या वेळात ती त्याला साहेब म्हणावं तसं ‘मेनेर, तुमचा खेळ’ एवढंच म्हणू शके. आज बोलायची मुभा होती. त्याने काडीचा फरक पडत नव्हता.

काकांनी स्वतः चाकाला हात घातला. पाच आला.

पाचवर निरनिराळ्या लोकांचे मिळून बारा युरो होते. बारा गुणिले अकरा, एकशे बत्तीस, मीनलने एकेकाच्या हातावर मोजून ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. मग डब्यात पाहून थांबले.

“होतं असं,” ते म्हणाले. “पुढच्या फेरीत भरून निघेल.”

विशाखाने पुन्हा चाक हाती घेतलं. पट्टी खिळ्यांवरून टकटकत चालली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मनात ‘आठ, आठ’ म्हणतोय. इतकी वर्षं चाक फिरवताना तिने कुठल्याच आकड्याची वाट पाहिली नव्हती. पगार ठरलेला, चेंडू कुठेही पडो. आज एकवर हरिहरचे वीस होते, बाकीच्यांचे सहा. एक आला असता तर वर्ग तिथेच संपला असता. पट्टी एकच्या घरात शिरली, रेंगाळली आणि शेवटचा खिळा ओलांडून दोनच्या घरात पडली.

नंतर आठ. नंतर चार. मीनलने मोजलं. चारशे साठ.

विशाखा वाकून डब्यापाशी गेली.

“मीनल, आरती किती वाजता आहे?”

“पाचला. का गं?”

“आत्ता सुरू कर.”

“आत्ता? काकांना विचारलंस?”

“काकांना विचारलं तर ते पाचच म्हणतील.”

मीनलने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. काका तेव्हा हरिहरला दहाची नोट सुटी करून देत होते. तिने डब्याचं झाकण लावलं, तो काखेत मारला, प्रवेशाजवळ गेली, तबकातलं निरांजन लावलं आणि घंटा वाजवली.

सभागृहातला आवाज विझत गेला. लोक वळले, वडापाव खाली ठेवले, पोरांच्या डोक्यावरच्या टोप्या काढल्या. बूट काढायची चुळबुळ झाली. हरिहरचा हात एकच्या घरावर होता, तो त्याने चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि जोडला. श्यामकांतकाका चाक फिरवायच्या बेतात होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मीनलकडे पाहिलं, आणि आरती सुरू झालेली असताना काही बोलणं शक्य नसल्यामुळे टाळ्यांचा ठेका धरला. विशाखाने टेबलावर पडलेले पैसे ज्याचे त्याला हातात परत केले. टेबल मोकळं असल्याची खात्री केली आणि मगच ती जाऊन उभी राहिली.

प्रसाद वाटून झाल्यावर हरिहर टेबलापाशी परत आला.

“काय काका, चालू करायचं ना? एक अजून यायचाय.”

श्यामकांतकाकांना खरं तर चालू करायचं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आरती झाल्यावर?” ते अखेर म्हणाले. “छे, छे. बरं नाही दिसत.”

समारोपाच्या भाषणात त्यांनी मराठी वर्गाचं अभिनंदन केलं. कॅसिनोच्या हिशेबाप्रमाणे हे चाक दुपारीच बुडायला हवं होतं असं तज्ज्ञांचं मत होतं, पण द्यायचा हात सढळ ठेवला की काही कमी पडत नाही हे आज सिद्ध झालं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी दोन चाकं लावण्याची सूचना जागेवरच आली आणि मंजूर झाली. घरी जाताना गौरव हसत सुटला.

“अगं, तू बोलायचंस ना उठून!”

“काय बोलू? डबा भरलेला होता,” विशाखा म्हणाली. “भरलेल्या डब्यासमोर कोणी गणित ऐकत नाही. मीपण ऐकलं नसतं.”

“पण पुढच्या वर्षी?”

तोच प्रश्न होता. वर्षभराचं भाडं भरलं गेलं होतं. दोन चाकं म्हणजे दुप्पट फेऱ्या. जितक्या फेऱ्या जास्त तितकी नशिबाला कमी जागा. आणि त्यानंतर वर्ग बंद.

सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी तिने श्यामकांतकाकांना वर्गावर बोलावलं. मुलांना चाक दाखवायचंय, अध्यक्षांनी मंडळाच्या वतीने चालवलं तर बरं, असं सांगितलं. काका जाकीट घालून आले. विशाखाने दहा मुलांना चाकाभोवती बसवलं, प्रत्येकाच्या गळ्यात एकेक आकडा अडकवला आणि प्रत्येकापुढे मूठभर फुटाणे ठेवले. काकांपुढे एक वाडगा भरून.

“प्रत्येक फेरीला प्रत्येकाने आपल्या आकड्यावर एक फुटाणा लावायचा,” ती म्हणाली. “काका म्हणजे मंडळ. नियम तेच, काकांचे.”

काकांनी चाक फिरवलं. सहा आला. त्यांनी दहा फुटाणे गोळा केले आणि सहा नंबरच्या मुलाला अकरा दिले. मुलगा ओरडला. काका खूश झाले. पुन्हा फिरवलं. तीन आला. दहा घेतले, अकरा दिले. मग नऊ, मग दोन. इथे सगळ्याच घरांवर एकेक फुटाणा होता, त्यामुळे कुठलाही आकडा आला तरी काकांना फरक पडत नव्हता. आत दहा यायचे, बाहेर अकरा जायचे. गणपती आला की दहा आत यायचे आणि तेच दहा बाहेर जायचे. थोड्या वेळाने काका गणपतीची वाट पाहू लागले, कारण त्या फेरीत निदान काही जात नव्हतं.

मुलं जिंकलेले फुटाणे खात होती, त्यामुळे त्यांच्याकडून काही अंदाज येत नव्हता. काकांचा वाडगा मात्र कोणी खात नव्हतं. त्याचा तळ दिसायला लागला. काकांनी एकदोनदा फुटाणे मोजले. मग नुसतंच फिरवत राहिले. शेवटी सात आला, दहा आले, आणि अकरावा फुटाणा वाडग्यात नव्हता.

“संपलं तुमचं, आजोबा,” सात नंबरची संपदा म्हणाली. “आता माझं एक राहिलं तुमच्याकडे.”

विशाखाने तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं नाही. बरोबर होतं.

काकांनी वाडगा उपडा करून पाहिला.

“मेळ्याला असं झालं नाही,” ते म्हणाले.

“मेळ्याला सगळे विषमावर लावत होते आणि सम येत होते. ते नशीब होतं. इथे नशिबाला जागाच ठेवली नाही मी.”

“म्हणजे त्या दिवशी तू आरती लवकर...”

“हो, काका.”

काकांनी बोट फिरवत चाकावरची घरं मोजली. मुलं फुटाण्यांवरून भांडायला लागली होती, त्यांना मीनलने पलीकडे नेलं.

“कोरं दहा मी देणार नाही,” काका म्हणाले.

“नका देऊ.”

“आणि गणपतीच्या नावाने घेणारही नाही.”

“नका घेऊ.”

“मग आकडे वाढवू. बारा करू. आत बारा येतील, बाहेर अकरा जातील. गणपती आला तर बारा परत. तरी दर आकड्याला एक उरतो.” त्यांनी विशाखाकडे पाहिलं. “बरोबर आहे का?”

“अगदी बरोबर.”

काकांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. ते पुढे सरकले.

“मग बारा कशाला? चौदाच करू! आत चौदा, बाहेर अकरा. तीन उरतात फेरीला. वर्षाचं भाडं निघेल, पुस्तकं येतील...”

“एवढं आमच्या कॅसिनोतही घेत नाहीत, काका.”

“नाही?”

“ह्याच्या निम्मंसुद्धा नाही. लोक पुन्हा यायला हवेत ना.”

काकांनी विचार केला. दाराशी एव्हाना बाराच्या वेळेला खोली घेतलेल्या डच बायका विणकामाच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

“बरं, बारा,” ते नाराजीनेच म्हणाले. “पण बारा आकडे आणि गणपती म्हणजे घरं तेरा होतात. तेरा नको.”

“मग?”

“गणपती मोजायचा नाही,” काका म्हणाले आणि मुलांच्या खुर्च्या उचलायला लागले.